नोंदवहीत नाव चढले नाही



आमच्या वस्तीतील अभ्यासिकेचे संकेतस्थळ मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून करून घेतले. स्पर्धा परीक्षेच्या मोफत वर्गाची सूचना त्यावर टाकली. पंधरा दिवस झाले तरी एकही अर्ज नाही. मुदत संपल्यावर मागच्या गल्लीतील एक मुलगी आईला घेऊन आली. तिने गूगलवर शोधले होते. शहरातले महागडे क्लास दिसले, आमचे नाव कुठेच नाही.

मी कारकून माणूस. कागद फायलीत असला, पण आवक नोंदवहीत चढला नसला, तर कचेरीच्या लेखी तो कागद नसतोच. येथेही तसेच घडले. गूगल, बिंग यांचे आपोआप चालणारे प्रोग्राम एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने वाचतात व त्यांची नोंद ठेवतात. आपला शोध चालतो तो त्या नोंदीत.

आमची पहिली चूक तर हसण्यासारखी. वर्डप्रेसच्या 'रीडिंग' सेटिंगमध्ये शोधयंत्रांनी नोंद घेऊ नये अशी विनंती करणारी एक चौकट असते. काम अर्धवट असताना करणाऱ्याने तिच्यात खूण केली आणि काढायची विसरला. म्हणजे 'आत येऊ नये' ही पाटी आम्हीच लावलेली!

दुसरे असे की, सूचना म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले चित्र. चित्रातला मजकूर यंत्राला नीट वाचता येईलच असे नाही. तो पानावर टाईप केलेलाच हवा.

तिसरी गोष्ट आपल्या मराठीची, आणि ती फार जणांना ठाऊक नसते. आमची जुनी माहितीपत्रके डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होती. पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरे व खुणा साठवलेल्या असतात. 'अभ्यासिका' असे कोणी शोधले तर ती जुळणार कशी? सारा मजकूर युनिकोडमध्ये करून घ्यावा लागला. पोरांनी दोन रविवार त्यात घालवले.

संकेतस्थळाच्या मुळाशी 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची छोटी फाईल ठेवता येते. ही रीत १९९४ सालची. कोणत्या भागात यंत्राने शिरू नये ते तीत लिहितात. 'डिसअलाऊ'पुढे नुसती एक तिरकी रेघ पडली की सगळे संकेतस्थळ बंद! मात्र ती विनंती आहे, कुलूप नव्हे. ती फाईल कोणालाही उघडून वाचता येते. तेव्हा वधू-वरांचे फोन नंबर, मुलांचे दाखले असले काही तिच्या भरवशावर उघड्यावर ठेवू नका.

मग पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, तयार करून गूगलच्या 'सर्च कन्सोल'वर दिली. त्याला पैसे पडत नाहीत. कोणते पान नोंदले गेले, कोणते का राहिले, हे तेथे कळते. दिली म्हणून दुसऱ्या दिवशी दिसेल असे मात्र नाही. आमचे पान दिसायला तीन आठवडे लागले.

त्या मुलीचे नाव पुढच्या तुकडीच्या यादीत पहिले लिहून ठेवले आहे. यंदाची परीक्षा तिला वर्गाशिवायच द्यावी लागली.