पोशेऱ्याची उन्हाळी वाट आणि बाटलीभर पाणी

वैशाख हा व्यापारी कुटुंबांच्या धावपळीचा महिना. दुकानात लग्नसराईची गर्दी असते, घरोघरी वर्षीतपाच्या पारण्यांची निमंत्रणे असतात आणि मुलांच्या शाळांना सुटी असते. या सुटीतील दोन दिवस थंड हवेच्या ठिकाणी काढण्याची प्रथा आता रुळली आहे. त्याऐवजी एखादी सकाळ पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात, पोशेरा गावाच्या परिसरातील डोंगरउतारांवर मुलांच्या पावलाने चालून काढली, तर पाठशाळेत पाठ केलेले बरेच काही मुलांना प्रत्यक्ष दिसू लागते.

पायी चालणे जैन परंपरेला नवे नाही. साधू-साध्वी चातुर्मास वगळता आठ महिने विहार करतात आणि पुढची सुमारे चार हात जमीन पाहत पाऊल टाकतात. यालाच ईर्यासमिती म्हणतात. शहरातील फरसबंदीवर मुलांना तिचे प्रयोजन कळत नाही. रानातील पाऊलवाटेवर मात्र मुंग्यांची रांग आडवी येते, सुक्या पानांखाली किडे सळसळतात आणि खाली पाहून चालणे हाच शहाणपणा ठरतो. त्याने जीव वाचतात आणि आपलेही पाय काट्याकुट्यांपासून व सापांपासून सुरक्षित राहतात.

उन्हाळ्यात हे रान बहुतांशी निष्पर्ण असते. साग व पळस उघडे दिसतात. मोहाला मात्र नवी पालवी फुटलेली असते. करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर फळांनी लगडतात. ओहोळाच्या काठी उंबर असतो. त्याचे पडलेले फळ फोडून दाखवावे. आतील बारीक चिलटे पाहिली की उंबर अभक्ष्य का मानला, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. मोहोळ दिसले तर दुरूनच पाहावे. तेथे अत्तराचा वास नको, आरडाओरडा नको. वाळलेल्या रानात चूल किंवा काडी पेटवणे तर सर्वथा टाळावे, कारण वणव्यात किती जीव होरपळतात याची गणती नसते.

तथापि, या वाटेवरचा सर्वांत मोठा धडा पाण्याचा आहे. जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु उतार तीव्र आणि खाली काळा पाषाण; त्यामुळे पाणी मुरण्याआधीच नद्यांना मिळते. वैतरणेचे पाणी धरणांत साठते व मुंबईला जाते. 2014 मध्ये लोकार्पण झालेले मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे. असे असूनही उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक पाड्यांच्या विहिरी तळ गाठतात, टँकरची वाट पाहावी लागते आणि स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन उन्हातून चालतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 15 लिटरच्या हंड्यात 15 किलोंचे ओझे होते. भांड्याचे वजन वेगळे. अर्ध्या लिटरची बाटली खांद्याला लावून तासभर चाललेल्या मुलाला हा हिशेब चटकन उमगतो.

म्हणूनच या वाटेवर जाणाऱ्या कुटुंबाने आपले पाणी घरूनच गाळून, उकळून न्यावे आणि पाड्यावरील विहिरीवर अवलंबून राहू नये. पाहुण्याला पाणी नाकारणे तेथील माणसांच्या स्वभावात नाही; त्यामुळे मागायचे की नाही हे पाहुण्यानेच ठरवायचे असते. पाणी गाळल्यावर गळण्यात राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडावी, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. विहिरीतील सूक्ष्म जीवांचा विहिरीवरचा हक्क ज्या धर्माने इतक्या काटेकोरपणे मानला, त्या धर्माच्या अनुयायांनी तिच्या काठावरील माणसांचा हक्क विसरावा, हे कसे शोभेल?

अक्षय्य तृतीयेची कथा मुलांना याच वाटेवर सांगावी. दीक्षेनंतर भगवान ऋषभदेव आहारासाठी दारोदारी गेले. लोकांनी भक्तीने हत्ती, घोडे, रत्ने पुढे केली. पण मुनीला काय द्यावे हेच कोणाला ठाऊक नव्हते. अखेर हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने इक्षुरस दिला आणि दीर्घ उपवासाचे पारणे झाले. दात्यांच्या मनात कमी काहीच नव्हते. कमी होती ती समोरच्याची गरज ओळखण्याची. आजही पाड्यावर जाऊन मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटणारे आणि मागे वेष्टनांचा कचरा ठेवणारे पुष्कळ असतात. ज्यांना काही द्यावयाचे असेल त्यांनी आधी ग्रामपंचायतीत विचारावे. कोठे साठवण टाकी हवी असेल, कोठे झऱ्याची दुरुस्ती. विचारून दिलेले दान उपयोगी पडते.

व्यापाऱ्याच्या मुलाने आणखी एक गोष्ट येथे शिकावी. पानाच्या द्रोणात करवंदे विकणाऱ्या बाईशी घासाघीस करू नये. त्या द्रोणामागे किती काटे आणि किती ऊन आहे, हे नुकतेच त्याच वाटेने चालून आलेल्यांना कळावयास हवे. वाट दाखवण्यासाठी गावातील जाणकार सोबत घ्यावा, त्याची मजुरी आधी ठरवावी आणि राखीव वनात शिरण्यापूर्वी वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारावे.

चालण्याची वेळ सकाळचीच. मे महिन्यात येथे सहाच्या सुमारास सूर्योदय होतो. तेव्हा निघून साडेनऊपर्यंत सावलीत परतावे. सहा-सात वर्षांच्या मुलांना जाऊन-येऊन दोन-तीन किलोमीटर पुरेसे होतात. मोठ्यांनी नवकारसी अवश्य पाळावी. मात्र चालणाऱ्या लहान मुलाला तहान लागली तर अडवू नये. टोपी, सुती पूर्ण कपडे व बंद बूट असावेत. शिदोरीत खाकरे, दशम्या, गूळ-चणे पुरतात. सूर्यास्तापूर्वीचे भोजन घरी किंवा मुक्कामी होईल, असा बेत आखावा.

परतल्यावर बाटलीत उरलेले पाणी मोरीत ओतू नये. पक्ष्यांसाठी सावलीत ठेवलेल्या परळात ते मुलांच्याच हातून घालावे. दुसऱ्या दिवशी घरातील नळ उघडा राहिला आणि तो बंद करण्यास मूल आपण होऊन उठले, तर पोशेऱ्याची वाट त्याच्या अंगी लागली असे समजावे.