फोडशीची जुडी आणि कागदी पिशवी

शेवळांवर लिहिलं तेव्हा काकडांचा उल्लेख राहिला म्हणून वाचकांनी माझी सालटी काढली होती. चूक कबूल केली आणि वर एक वचनही देऊन बसलो, की यंदाच्या पावसाळ्यात रानभाजी महोत्सवांबद्दल वाकडं लिहिणार नाही. ते गेल्या शनिवारपर्यंत पाळलं.

शनिवारी आमच्या भागातल्या एका वातानुकूलित सभागृहात असा महोत्सव होता. नाव अर्थातच इंग्रजी. दारात बॅनर, त्यावर राहीबाई पोपेरे यांचा मोठा फोटो. आत एका टेबलावर वेताच्या ट्रेमध्ये फोडशी मांडलेली. धुऊन लख्ख, वर पाण्याचा फवारा, जुडीला केळीच्या सोपाची दोरी. ऐंशी रुपये, आणि ती मिळणार तपकिरी कागदी पिशवीत. कागदी पिशवीवरचा माझा राग तुम्हाला ठाऊक आहे. भाजी सेंद्रिय होते ती शेतात नाही, त्या पिशवीत पडल्यावर, असा माझा जुना संशय आहे. पुरावा नाही. तरी संशय आहे. टेबलामागच्या मुलाला विचारलं, ही निवडायची कशी? त्याने अदबीने क्यूआर कोडकडे बोट दाखवलं.

शेजारच्या टेबलावर देशी वाणांच्या बिया होत्या, पाकिटात दहा-बारा, वर रेशमी फीत. कोंभाळण्यात राहीबाई बियाणं देतात आणि पीक आलं की दुप्पट परत घेतात, म्हणजे पुढच्याला देता येतं. २०२०ची पद्मश्री त्यांना मिळाली ती या हिशेबासाठी. मी विचारलं, पीक आल्यावर बिया इथे परत आणायच्या का? मला बिल दिलं.

आता हीच फोडशी दोन दिवस आधी मी स्टेशनाबाहेर वीस रुपयांना घेतली होती. त्या मावशी कसाऱ्याकडून पहिल्या लोकलने येतात, डोक्यावर टोपली, वर साग-पळसाची पानं झाकलेली. जूनमध्ये शेवळं, मग टाकळा, फोडशी, भारंगी, पुढे करटोली. त्यांच्या टोपलीत डोकावलं की पावसाळा कुठवर आला ते कळतं, पंचांग उघडावं लागत नाही. जुडीला माती होतीच. पैसे दिले तरी सोडेनात. “दादा, हा पांढरा भाग हाये ना, तो उभा चीर. मधला दांडा काढून टाक, नायतर दाताखाली येतो. मूगडाळ भिजव, कांदा जास्त घाल.” बायकोला सांगतो म्हणालो, तर म्हणाल्या, “तूच निवड की. तुला काय हात नाहीत?” शेजारचा चाफेकळीवाला हसला. कंद जमिनीतच ठेवायचा, नाहीतर पुढच्या पावसाला काय खाशील, हेही त्यांनीच सांगितलं. सभागृहात याच गोष्टीवर पाऊण तासाचं सादरीकरण होतं. त्यात ‘शाश्वत’ हा शब्द मी चौदा वेळा मोजला, मग चहाला गेलो.

ऐंशी आणि वीस या फरकाचं मला फारसं वाटत नाही. भाड्याचं सभागृह आहे, वातानुकूलन आहे, फीत आहे. घ्या ऐंशी. पण मंगळवारी संध्याकाळी स्टेशनाबाहेर अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि टोपली उचलून घेऊन गेली. गाडीच्या दारावर जे बोधचिन्ह होतं, तेच शनिवारी बॅनरच्या कोपऱ्यात होतं, ‘सहकार्य’ या शब्दाखाली. मावशी रडल्या-ओरडल्या नाहीत. भाजीबद्दल तर बोलल्याच नाहीत. “टोपली नवी होती,” एवढंच म्हणाल्या.

कोणी म्हणेल, स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं उच्च न्यायालयानेच २०१७ मध्ये सांगितलं आहे. बरोबर, संध्याकाळी सहाच्या गर्दीत मीही तिथे धक्के खातो. मग १५१व्या मीटरवर जागा आखून द्या ना! २०१४चा पथविक्रेता कायदा त्यासाठीच आहे. त्यात आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र. पण ही बाई बसते पावसाळ्याचे चार महिने. मोजणीवाले वैशाखात आले तर ती त्यांना सापडणार कुठे? ती तेव्हा गावाकडे असते. म्हणजे जी खरोखर हंगामातलं, जवळच्या रानातलं विकते, तीच कागदावर नाही. आणि जो बारा महिने किवी विकतो तो मात्र यादीत सापडेल, पैज लावतो.

पुढच्या शनिवारी म्हणे महोत्सवाचा दुसरा भाग आहे. आयोजक मंडळी भली आहेत, त्यांच्या हेतूवर माझा आक्षेप नाही. त्यांनी त्या सभागृहाच्या अंगणात आठ-दहा बायकांना भाडं न घेता बसू द्यावं, आणि सादरीकरणाचा पाऊण तास त्यांना द्यावा. मी पहिल्या रांगेत बसेन, चहालाही जाणार नाही.

तोवर तुमच्यासाठी एक काम. त्याच कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे माल उचलताना त्याची यादी करून सहीनिशी प्रत विक्रेत्याला द्यावी लागते, आणि नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत करावा लागतो. तुमच्या स्टेशनाबाहेर गाडी आली आणि तुम्ही तिथे असाल, तर दोन मिनिटं थांबा आणि ती यादी मागा. टोपलीसुद्धा लिहून घ्या.