मोटारीवाचून रस्ता

लोकांची मालमत्ता लोकांस खुली करावयाची म्हणजे तिच्या माथ्यापर्यंत डांबरी सडक नेऊन मोटारी सोडावयाच्या, हे समीकरण आता इतके रूढ झाले आहे की त्याविरुद्ध तोंड उघडणारा मनुष्य एक तर चोचलेबाज ठरतो, नाही तर जुन्याचा हट्टी कैवारी. डोंगर आहे, अरण्य आहे, सरकारने ते राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवले आहे. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आणि लेकुरवाळ्यांनी ते पाहावे कसे? मोटार दूर ठेवा म्हणणारे दहापाच धट्टेकट्टे सायकलस्वार आपल्या छंदासाठी बाकीच्या जगाला दाराबाहेर उभे करू पाहतात, असा हा युक्तिवाद आहे. तो दिसावयास मोठा लोकाभिमुख दिसतो, म्हणूनच त्याचा समाचार घेणे आम्हास अवश्य वाटते.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. डोंगराळ व वनाच्छादित राष्ट्रीय उद्यानांत, ज्यांवर मोटारीस कधीही प्रवेश नाही असे, सायकलीने दोनतीन दिवस स्वस्थपणे हिंडता येईल इतक्या लांबीचे रस्ते मुद्दाम बांधून राखले पाहिजेत. मोटारींची वर्दळ नसेल तेवढ्या वेळात सायकलवाल्यांनी आपले उरकून घ्यावे, ही मेहेरबानी आम्हास पुरेशी वाटत नाही. हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणू नये. असे रस्ते आहेत, ते बांधण्यास आरंभ होऊन शंभरांहून अधिक वर्षे झाली आहेत, आणि ते बांधणारा गृहस्थ खनिज तेलाच्या व्यापारावर गबर झालेल्या घराण्यातला होता.

अमेरिकेच्या ईशान्य टोकास, मेन राज्यात, अटलांटिकच्या किनाऱ्याला लागून माउंट डेझर्ट नावाचे डोंगराळ बेट आहे. त्याचा बराच भाग अकेडिया राष्ट्रीय उद्यानात मोडतो. हे उद्यान १९१९ साली लाफायेत ह्या नावाने स्थापन झाले व १९२९ साली त्यास आजचे नाव मिळाले. ह्या बेटावर प्रथम मोटारींस मज्जाव होता. १९१३ च्या सुमारास तो उठू लागला. त्याच वर्षी धाकट्या जॉन डी. रॉकफेलर यांनी तेथील आपल्या जमिनीवर केवळ घोडागाड्यांसाठी रस्ते बांधावयास घेतले, आणि १९४० पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, ते काम चालू ठेवले. त्यांपैकी सुमारे ४५ मैल रस्ते आज उद्यानाच्या हद्दीत आहेत. त्यांवर माणसे चालतात, घोडे चालतात आणि सायकली चालतात. मोटार चालत नाही.

ह्या रस्त्यांच्या बांधणीकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण आमच्या वादाचे मर्म तेथेच आहे. रस्ता सुमारे सोळा फूट रुंद. त्याखाली दगडाचे तीन थर. मध्यभाग कडांपेक्षा सहा ते आठ इंच उंच, म्हणजे पाणी क्षणभरही ठरू नये. दोन्ही अंगांस चर व दगडी मोऱ्या. दगड तेथलाच, डोंगराच्या अंगचा. उताराच्या बाजूला कठडा म्हणून ओबडधोबड शिळा ओळीने बसविल्या आहेत. तेथील लोक त्यांस थट्टेने ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात. ओढ्यानाल्यांवरचे दगडी पूल तर एकेक स्वतंत्र घडणीचे आहेत. एकाचा साचा दुसऱ्यास वापरलेला नाही. रस्त्याकाठची झाडी कोठे राखावी, कोठे उघडी करावी म्हणजे तळे अथवा समुद्र दिसेल, ह्याचा विचार बिअॅट्रिक्स फॅरंड ह्या उद्यानरचनाकार बाईंनी केला.

आता घोडा हा जनावर असला तरी त्याचे दुखणे सायकलस्वारासारखेच आहे. उभा चढ त्यास ओढवत नाही, उभ्या उतारावर गाडी त्याच्या अंगावर येते, आणि खडबडीत जमिनीवर त्याचा दम निम्मा वाया जातो. म्हणून रॉकफेलरांचे रस्ते डोंगराच्या अंगाने, त्याच्या वळणाशी वळण जुळवीत, हळूहळू चढत जातात. मोटारीच्या रस्त्यास हे पथ्य पाळावे लागत नाही. यंत्रास दम लागत नसल्यामुळे अभियंता सरळ वर घुसतो. सायकलीस डोंगर चढवत नाही, ही तक्रार पुष्कळदा वस्तुतः डोंगराविषयी नसून मोटारीसाठी आखलेल्या रस्त्याविषयी असते. घोड्यासाठी आखलेला रस्ता मिळाला, तर मध्यम वयाचा, बेताच्या शक्तीचा मनुष्य सामानाची पिशवी मागे बांधून दिवसभर रानात फिरू शकतो. आणि त्याच्यामागून त्याची दहा वर्षांची मुलगी, पाठीमागून कर्णा वाजणार नाही ह्या खात्रीने, रस्त्याच्या मधोमध सायकल चालवू शकते.

ह्या रॉकफेलरांस मोटारीचे वावडे होते असेही नव्हे. उद्यानातील सत्तावीस मैलांच्या मोटाररस्त्याच्या आखणीस व खर्चास त्यांचाच हातभार लागला. त्यांनी केले ते इतकेच की दोन्ही वाटा वेगळ्या ठेवल्या. जेथे त्या एकमेकींस छेदतात तेथे पूल घालून एकीला वरून व दुसरीला खालून काढले. त्यांच्यावर त्या काळी टीकाही झाली. १९२४ च्या सुमारास सेनेटर जॉर्ज व्हॉर्टन पेपर यांच्यासारख्यांनी, रानात इतके रस्ते हवेत कशाला, असा आक्षेप सरकारदरबारी नेला. तो आक्षेप पोकळ नव्हता. खडीचा रस्ता हीसुद्धा रानाला पडलेली जखमच होय, आणि आणखी रस्ते पाडा असे आम्ही सरसकट म्हणणार नाही. जेथे लाकूडतोडीच्या जुन्या वाटा किंवा सोडून दिलेल्या सडका आहेत, तेथे त्याच दुरुस्त कराव्या. पण पेपर यांचा युक्तिवाद जे आज उचलतात, ते मोटारसडकेस मात्र तो लावीत नाहीत, हे गमतीचे आहे.

वृद्धांचे व अपंगांचे काय, ह्या प्रश्नाला आम्ही बगल देऊ इच्छीत नाही. अकेडियात कॅडिलॅक डोंगराच्या १,५३० फूट उंच माथ्यापर्यंत १९३१ सालापासून मोटाररस्ता आहे. (ज्या फ्रेंच गृहस्थाचे नाव त्या डोंगरास दिले, त्याचेच त्याआधी एका मोटारीस दिले गेले होते; डोंगराने काही तक्रार केलेली नाही.) १९९९ पासून बेटावर हंगामात फुकट बसगाड्या फिरतात. घोडागाडीची फेरीही मिळते, आणि सौम्य चढाच्या त्या खडीच्या रस्त्यांवर चाकाची खुर्चीही ढकलता येते. तेव्हा म्हातारा मनुष्य दाराबाहेर राहिलेला नाही. उलट मोटाररस्त्याचीच अवस्था काय झाली पहा: माथ्यावर इतकी दाटी होऊ लागली की २०२१ पासून तेथे मोटार न्यावयाची तर हंगामात आगाऊ वेळ राखून ठेवावी लागते. सर्वांस खुले करणारे म्हणून जे वाहन आणले, त्यानेच दार अडविले.

दुसरीकडे सायकलवाल्यांची बोळवण कशी होते त्याचे दोन नमुने देतो. मोंटाना राज्यातील ग्लेशियर उद्यानात पर्वतरांगा ओलांडणारा ‘गोइंग टु द सन’ हा पन्नास मैलांचा रस्ता १९३३ साली खुला झाला. ६,६४६ फूट उंचीच्या लोगन खिंडीवरचे बर्फ वसंतात कापून काढीत असता, मोटारींस वाट मिळण्यापूर्वीचे काही आठवडे सायकलस्वारांस तेथे जाता येते. ज्यांनी त्या दिवसांत ती खिंड चढली ते तिचे वर्णन करताना थकत नाहीत. मग मोटारी येतात. आणि ऐन उन्हाळ्यात सकाळी अकरा ते दुपारी चार ह्या वेळात, त्याच रस्त्याच्या काही भागांवर खिंडीकडे चढणाऱ्या सायकलीस बंदी होते. म्हणजे बर्फ असेतो रस्ता सायकलीचा आणि ऊन पडले की मोटारीचा! टेनेसीतील केड्स कोव्ह ह्या खोऱ्यात अकरा मैलांचा फेरा आहे. तो पूर्वी आठवड्यातून दोन दिवस सकाळी दहापर्यंत मोटारीवाचून असे. २०२० पासून उन्हाळ्याच्या हंगामातले बुधवार पुरे दिले आहेत. दिले ते चांगलेच केले. परंतु नोकरीपेशाच्या माणसाला बुधवार असतो कोठे? लोकाभिमुखतेचा पुळका येणाऱ्यांनी ह्याचे उत्तर द्यावे.

आमच्याकडील वाचकांस हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. माथेरान हे राष्ट्रीय उद्यान नव्हे. परंतु डोंगर आणि रान दोन्ही तेथे आहेत, आणि मोटार दस्तुरी नाक्याशीच थांबते. २००३ साली त्या परिसरास पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून संरक्षण मिळाले. मोटार नाही म्हणून तेथे कोणी जात नाही, असे सुटीच्या दिवसांतली गर्दी पाहिलेला मनुष्य म्हणेल काय? नाक्यापुढे दोनशे पावले गेल्यावर पक्ष्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो, ह्या एका गोष्टीसाठी माणसे मुंबईहून तेथे जातात.

खर्चाची गोष्ट मात्र खरी आहे. असे रस्ते एकदा बांधून भागत नाही. रॉकफेलरांच्या पश्चात अकेडियाच्या रस्त्यांची हेळसांड झाली. मोऱ्या तुंबल्या, खडी वाहून गेली, झाडी आत शिरली. १९९० नंतरच्या दशकात सरकारी पैसा आणि लोकांनी उभारलेला निधी एकत्र करून ते पूर्ववत करावे लागले. मोटाररस्त्याच्या डांबरास दरसाल लागणारा पैसा जे मुकाट्याने मंजूर करतात, त्यांस मोरी साफ करणाऱ्या चार माणसांचा पगार जड का व्हावा, हे आम्हास कळत नाही.

अलीकडे त्या रस्त्यांवर नवा वाद उपस्थित झाला आहे तो विजेच्या सायकलींचा. २०१९ साली अमेरिकन सरकारने राष्ट्रीय उद्यानांचे दार त्यांस उघडले. अकेडियाने पायडल मारल्यावाचून न चालणारा सर्वांत सौम्य प्रकारच तेवढा आत घेतला, आणि सायकलींस ताशी वीस मैलांची मर्यादा घातली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला विजेची थोडी मदत मिळाली तर आमची हरकत नाही. ज्या वृद्धांच्या नावाने मोटारीची वकिली होते त्यांचीच ह्यात सोय आहे. हरकत आहे ती त्या वीस मैलांना. सोळा फुटांच्या खडीच्या रस्त्यावर, वळणापलीकडे घोडा किंवा लहान मूल असेल अशा जागी, हा वेग मोटारीचाच धाकटा भाऊ होय. तो बारावर आणावा. बारा मैलांच्या चालीने ईगल तळ्याभोवतीचा सहा मैलांचा फेरा अर्ध्या तासात पुरा होतो, आणि त्याहून लवकर तो पुरा करण्याचे काही कारण आम्हास तरी दिसत नाही.