आठाचा आकडा

पंचेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा आठ गिरवतो आहे! पाटीवर नव्हे, बाभुळगावच्या मैदानावर, मोटारसायकलने. शिकाऊ परवान्याला ३० दिवस झाले, की यवतमाळला परीक्षा. तीत पाय न टेकता आठ काढायचा. आपला मराठी ८ एका वळणात सुटतो. हा इंग्रजी आठ मात्र मध्येच स्वतःला छेदून उलटा वळतो. माझा पाय टेकतो तो नेमका तिथेच.

"सर, चाकाकडे नका पाहू, पुढच्या वळणाकडे पाहा," माझाच विद्यार्थी मला शिकवतो.

हसा खुशाल! पण गेल्या पावसाळ्यात मध्यरात्री आईला दम लागला, तेव्हा पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाची गाडी दारातच होती, चालवणारा नव्हता.

काल पाय टेकला नाही. घरी येऊन सांगितले. आई म्हणाली, "बरं झालं रे बाबा. आता रात्रीचं भ्यायला नको."