'गृह' आहे, घर नाही

बंदिगृह, सुधारगृह, निरीक्षणगृह. मराठीत 'गृह' हा शब्द संस्थेला जोडला गेला की किल्ली अधीक्षकाच्या कमरेला गेलीच म्हणून समजावे. व्यसनमुक्तीच्या बाबतीत तर आपण 'गृह'ही टाकून 'केंद्र' पत्करले. हा निव्वळ परिभाषेचा प्रश्न आहे, असे आमचे काही सहकारी म्हणतात. आम्हांला ते मान्य नाही. व्यसनातून उठणाऱ्या माणसावर कारभार सोपवता येत नाही, हे गृहीत या शब्दांत दडून बसले आहे. आणि ते खोटे ठरून अर्धशतक लोटले.

अमेरिकेत मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे १९७५ साली सरकारी खर्चाने चालणारे एक निवासस्थान बंद होणार होते. पॉल मॉलॉय व अन्य रहिवाशांनी ती वास्तू स्वतःच भाड्याने घेतली. हेच पहिले 'ऑक्सफर्ड हाउस'. तेथे अधीक्षक नाही, समुपदेशकही नाही. भाडे सर्वांनी मिळून भरायचे. पदाधिकारी आपल्यातूनच निवडायचे, आणि एका पदावर सलग सहा महिन्यांहून अधिक कोणी राहायचे नाही. (आमच्या साहित्यसंस्थांनीही या कलमाचे मनन करावे.) नव्या रहिवाशाला ८० टक्के मते लागतात. राहण्याला मात्र मुदत नाही. जुन्या निवासस्थानात ती होती, आणि मुदत संपून बाहेर पडलेली माणसे पुन्हा दारूकडे वळताना या मंडळींनी पाहिली होती. जो पुन्हा प्याला त्याने घर सोडायचे, हा नियम आम्हांलाही बोचतो. तथापि तो बजावतात ते शेजारच्या खाटेवरचे लोक, मतदान करून.

अशा घरांना शेजार सहजी स्वीकारत नाही. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स शहराने नाते नसलेल्या पाचांहून अधिक माणसांना 'कुटुंब' मानण्याचे नाकारले. ही व्याख्या भेदभावविरोधी कायद्याच्या कसोटीतून सुटत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ६ विरुद्ध ३ मतांनी दिला.

पुण्यात अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली उभारलेल्या संस्थेच्या 'मुक्तांगण' या नावात निदान अंगण आहे, आणि बरे झालेले रुग्णच तेथे कार्यकर्ते होतात. पण उपचारानंतर राहायचे कोठे? 'आपल्याकडे कुटुंब आहे' हे उत्तर तयार असते. म्हणजे कोण? ज्या बाईने मार खाल्ला, तिनेच आता रात्री खिसे तपासायचे, पगाराच्या दिवशी फाटकाशी उभे राहायचे. या बिनपगारी अधीक्षकपदासाठी तिची संमती कोणी घेतली होती?