मंडपाचे दार आणि मार्गदर्शक श्वान

माझ्या एका दिवंगत स्नेह्यांची कन्या गेली वीस-बावीस वर्षे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहते. ऐन तिशीत दृष्टिपटलाच्या विकाराने तिची नजर हळूहळू गेली; तरीही नोकरी, संसार आणि मराठी पुस्तकांचे वेड ही तिन्ही तिने टिकवून धरली, आणि आता पिवळसर रंगाची एक लॅब्रेडॉर कुत्री तिच्या डाव्या हाताशी चालत तिला घरापासून आगगाडीच्या फलाटापर्यंत, तेथून कचेरीपर्यंत आणि संध्याकाळी पुन्हा घरापर्यंत सुखरूप नेते-आणते. दोन वर्षांपूर्वी तिकडच्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवास ती गेली असता, हजार-दीड हजार माणसांच्या त्या गर्दीत, दारावरच्या एका तरुण स्वयंसेवकाने तिला अदबीने सांगितले, "ताई, कुत्रा आत नेता येणार नाही. बाहेर कोठेतरी बांधून या." तिने विचारले, "हिला बाहेर बांधली, तर मला आत कोण नेणार?" मुलास उत्तर सुचेना. त्याने कार्यकर्त्यांस बोलावले, कार्यकर्त्यांनी आपसांत मसलत केली, गणपतीचे स्थान, सोवळेओवळे, लहान मुले, जेवणाच्या पंगती अशा नाना हरकती निघाल्या, आणि अखेर त्या सभागृहाच्या अमेरिकन व्यवस्थापकाने येऊन, या कुत्रीस मज्जाव करणे म्हणजे देशाचा कायदा मोडणे होय, असे सांगितल्यावर तिला आत जाता आले. तोवर आरती होऊन गेली होती.

ही हकीकत तिने मला फोनवर सांगितली तेव्हा तिच्या स्वरात रागापेक्षा थकवाच अधिक होता. ज्या भाषेच्या ओढीने ती तासभराचा प्रवास करून तेथे गेली त्याच भाषेत तिला अडवण्यात आले, आणि जो माणूस तिच्या बाजूने बोलला त्यास त्या भाषेतील एक शब्दही कळत नव्हता, ही गोष्ट तिला लागली होती. ऐकताना मलाही लागली. त्या स्वयंसेवकास मी दोष देत नाही. त्यास कोणी काही शिकवलेच नव्हते. आणि जे त्यास ठाऊक नव्हते ते मुंबई-पुण्यातील शंभरांपैकी नव्वद द्वारपालांस ठाऊक नसेल, अशी माझी समजूत आहे.

मार्गदर्शक श्वानाविषयीच्या आपल्या कल्पना बहुधा चित्रपटांतून आलेल्या असतात. त्यास 'बाजारात चल' म्हणावे आणि त्याने नेऊन पोचवावे, असे आपण समजतो. वस्तुतः कोठे जावयाचे, कोणत्या नाक्यावर वळावयाचे, रस्ता केव्हा ओलांडावयाचा, हे माणसाने कानाने व स्मरणाने ठरवावे लागते; श्वानाचे काम असे की, पुढ्यातील खड्डा, पायरी, खांब, डोक्याच्या उंचीवर लोंबणारी फांदी आणि अंगावर येणारी सायकल या सर्वांना टाळून, स्वतःस एकट्यास नव्हे तर शेजारच्या माणसासही पुरेल एवढ्या रुंदीची वाट त्याने शोधावी. त्याच्या अंगावरील साजास जी ताठ मूठ असते तिच्यातून श्वानाच्या खांद्याची प्रत्येक हालचाल धरणाऱ्याच्या हातास कळते. तो थबकला, कचरला, डावीकडे झुकला, हे सारे त्या मुठीतून वाचता येते. आणि या शिक्षणाचा सर्वांत कठीण भाग आज्ञाभंगाचा आहे. धन्याने 'पुढे' म्हटले असता समोरून मोटार येत असेल, तर ती आज्ञा मोडून जागच्या जागी उभे राहावे, हे त्यास शिकवलेले असते. पाळणाऱ्या कुटुंबात गेलेले बालपण आणि त्यानंतरचे कित्येक महिन्यांचे शिक्षण, एवढी सिद्धता झाल्यावरच असा प्राणी एखाद्याच्या हाती सोपवला जातो. बहिऱ्यांस दारावरची घंटा कळवणारे, चाकाच्या खुर्चीतील माणसास पडलेली वस्तू उचलून देणारे, मधुमेही माणसास रक्तातील साखर उतरल्याची सूचना देणारे असे साहाय्यक श्वानही आता अनेक देशांत तयार होतात. परंतु या लेखात मी मुख्यत्वे अंधांच्या सोबत्याविषयीच बोलत आहे.

गर्दीत या साऱ्या शिक्षणाची कसोटी लागते. आपणांस गर्दी म्हणजे चेहरे आणि खांदे दिसतात. श्वानाचे डोळे माणसांच्या गुडघ्यांच्या उंचीवर असतात, आणि तेथून गर्दी म्हणजे क्षणोक्षणी सरकणारी एक भिंत असते. शेपटीवर पाय पडतो, पंजा चिरडतो, जमिनीवर वड्याचे तुकडे सांडलेले असतात आणि त्यांचा वास त्याच्या नाकास आपल्यापेक्षा कितीतरी तीव्रतेने येत असतो. त्यातच कौतुकाने पुढे होणारे हात असतात. 'किती गोड आहे' म्हणून डोक्यावरून हात फिरवणाऱ्या माणसाच्या मनात माया असते हे खरे. पण जितका वेळ त्या श्वानाचे लक्ष त्या हाताकडे जाते तितका वेळ शेजारचा माणूस मार्गदर्शकावाचून उभा असतो. म्हणूनच साज चढवलेल्या श्वानास हात लावू नये, हाक मारू नये, खाऊ देऊ नये. सभागृहात पोचल्यावर तर त्याचे अर्धे काम खुर्चीखाली अंग आकसून दोन-तीन तास निश्चल पडून राहण्याचे असते. हे काम पाहणाऱ्यास काम वाटत नाही.

गर्दीतील या कामगिरीचे जे उदाहरण जगास ठाऊक झाले ते ११ सप्टेंबर २००१ चे आहे. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या उत्तर मनोऱ्यात, ७८ व्या मजल्यावर, मायकेल हिंगसन हे जन्मांध गृहस्थ आपल्या कचेरीत होते आणि रोझेल नावाची त्यांची लॅब्रेडॉर कुत्री टेबलाखाली होती. विमान आदळल्यानंतर धुराने आणि इंधनाच्या उग्र वासाने भरलेल्या जिन्यातून, वर चढणाऱ्या अग्निशामक दलाच्या जवानांना वाट देत, घाबरलेल्या माणसांच्या ओळीतून पायरीपायरीने ती दोघे खाली आली. हीच रोझेल घरी विजांच्या गडगडाटास भीत असे, असे हिंगसन यांनी पुढे लिहिले आहे. जी मेघगर्जनेस भ्यायची ती त्या जिन्यात डगमगली नाही, हे वाचले तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि आजही लिहिताना तो जिना माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

या विद्येचा उगम युद्धात आहे. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने व तोफगोळ्यांनी अंध झालेल्या सैनिकांसाठी डॉ. गेऱ्हार्ड श्टालिंग यांनी १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे अशा श्वानांची पहिली शाळा काढली. पुढे १९२७ मध्ये डोरोथी यूस्टिस या अमेरिकन बाईंनी जर्मनीतील या शिक्षणाविषयी एका अमेरिकन साप्ताहिकात लेख लिहिला. तो नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक नावाच्या विशीतील अंध तरुणास वाचून दाखवण्यात आला, आणि तो तरुण स्वित्झर्लंडला त्या बाईंकडे जाऊन बडी नावाची कुत्री घेऊन परतला. १९२९ मध्ये यूस्टिस आणि फ्रँक यांनी काढलेली 'द सीइंग आय' ही संस्था आज न्यू जर्सीतच, मॉरिसटाउन येथे, नांदत आहे. बडीस तयार करण्यास काही महिने पुरले; परंतु उपाहारगृहे, हॉटेले, आगगाडीचे डबे यांची दारे तिच्यासाठी उघडून घेण्यात फ्रँक यांच्या आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडला, आणि सबंध देशास लागू होणारा अपंगत्वविषयक कायदा अमेरिकेत यावयास १९९० साल उजाडावे लागले.

त्या कायद्याखालील नियमांनी द्वारपालास केवळ दोन प्रश्न विचारण्याची मुभा दिली आहे: अपंगत्वामुळे आपणांस या श्वानाची गरज आहे काय, आणि त्यास कोणते काम शिकवलेले आहे. दाखला मागता येत नाही, रोगाचे नाव विचारता येत नाही. श्वान अनावर झाला आणि धन्याने त्यास आवरले नाही, अथवा त्याने जागा घाण केली, तर त्यास बाहेर काढता येते. कोणास कुत्र्याचे भय वाटते वा त्याच्या केसांचा त्रास होतो, एवढ्या कारणाने येत नाही, दोघांना दूर दूर बसवावे लागते. या सवलतीचा गैरफायदा घेऊन घरच्या लाडक्या कुत्र्यास बाजारात मिळणारा अंगरखा घालून मिरवणारेही तिकडे आहेत. त्यांचे कृत्य मला निंद्य वाटते, कारण असा एक अशिक्षित कुत्रा भुंकला की त्याचा दंड पुढच्या खऱ्या श्वानाच्या धन्यास दारावर भरावा लागतो.

आपल्याकडे काय स्थिती आहे? २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. त्यांपैकी मार्गदर्शक श्वान असलेला माणूस आपल्या वाचकांतील किती जणांनी पाहिला असेल? मोडके पदपथ, अंगावर धावून येणारी भटकी कुत्री, शिक्षणसंस्थांची उणीव, ही कारणे खरी आहेत. पण दार हेही एक कारण आहे. ज्यास कोठेच आत घेत नाहीत असा सोबती कोण बाळगील? संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारास भारताने २००७ मध्ये संमती दिली; त्याच्या २० व्या कलमात व्यक्तीच्या संचारासाठी साधनांबरोबर सजीव साहाय्याचाही उल्लेख आहे, आणि ३० व्या कलमात सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क आहे. त्या करारास अनुसरून झालेला आपला २०१६ चा कायदा वाजवी तजवीज करण्याचे तत्त्व सांगतो. तत्त्व पुरेसे व्यापक आहे. पण दारावरचा शिपाई तत्त्वे वाचत नाही, त्याच्या हाती असतो तो 'कुत्र्यांस मनाई' हा फलक. त्या फलकाखाली 'साहाय्यक श्वान वगळून' हे तीन शब्द लिहिण्याचा स्पष्ट हुकूम शासनाने काढावा, आणि सार्वजनिक मैदाने व सभागृहे भाड्याने देताना महापालिकांनी ती अट घालावी, अशी माझी मागणी आहे.

रस्त्यावरील भटक्या कुत्र्यांचा उपाय अवघड आहे हे मान्य. परंतु कुंपण घातलेले, तिकीट लावलेले, बंदोबस्त असलेले ठिकाण हेच असे आहे की जेथे ती अडचण येत नाही. आरंभ तेथूनच करता येईल.

या प्रसंगी कोणी तरी महाप्रस्थानातील युधिष्ठिराची आठवण देईल. श्वानावाचून स्वर्गात पाऊल ठेवण्यास नाकारणारा तो राजा मलाही वंदनीय आहे. पण हा दृष्टान्त येथे नेमका लागू पडत नाही. युधिष्ठिराने शरण आलेल्या प्राण्यास टाकले नाही, ती त्याची करुणा होती, आणि त्या श्वानावाचूनही त्यास वाट दिसत होती. माझ्या स्नेह्यांच्या कन्येस दिसत नाही. तिच्या कुत्रीस आत घेताना आपण एखाद्या प्राण्यावर दया करीत नाही, तिच्यावर मेहेरबानीही करीत नाही. चष्मा लावलेल्या माणसास 'चष्मा बाहेर ठेवून या' असे आपण सांगत नाही, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

तथापि श्वान हा चष्मा नव्हे, त्यास जीव आहे, आणि येथे धन्याची जबाबदारी सुरू होते. आत नेण्याचा हक्क असणे निराळे आणि प्रत्येक ठिकाणी नेणे निराळे. माणसास ऐकू न येणारे उंच स्वर श्वानास ऐकू येतात. विसर्जनाच्या मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंती, फटाके आणि ढोल यांमध्ये त्यास नेणे हा माझ्या मते त्याचा छळ आहे. वैशाखातील डांबरी रस्ता त्याचे तळवे भाजतो. हाताची पालथी बाजू काही सेकंद रस्त्यावर ठेववत नसेल, तर त्यानेही तेथून चालू नये. आषाढीच्या वारीतील दिंड्यांच्या लोटात, कोठेही आडोसा न मिळता, त्याने दिवस दिवस चालावे असे कोणी म्हणणार नाही. उलट डिसेंबरच्या थंडीत पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवासारखी स्वरांची बैठक, अथवा साहित्य संमेलनाचा मंडप, ही ठिकाणे मला सर्वस्वी योग्य वाटतात. साहित्य ऐकून जगणाऱ्या अंध वाचकास संमेलनाचे दार बंद असणे तर मला विशेष असह्य वाटते. कोठे जावे आणि कोठे जाऊ नये हा निर्णय मात्र त्याचाच असावा ज्याच्या हातात साजाची मूठ आहे. जांभया, ओठ चाटणे, आत ओढलेली शेपटी, पुढे टाकण्यास कचरणारा पाय, ही लक्षणे त्यास कळतात. द्वारपालास कळत नाहीत.

संयोजकांकडून फार थोडे हवे असते. रांगेच्या कडेची एक खुर्ची, तिच्यापुढे श्वान पडू शकेल एवढी जागा, पाण्याचे भांडे, देहधर्मासाठी जवळच थोडी मोकळी माती, गर्दी होण्यापूर्वी आत येण्याची आणि ती ओसरल्यावर बाहेर पडण्याची सोय. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दारावरील प्रत्येक स्वयंसेवकास आदल्या दिवशी सांगितलेली दोन वाक्ये. ज्या मंडळांस लाखो माणसांची रांग लावता येते त्यांस हे जड नाही.

न्यू जर्सीतील त्या मंडळाने पुढच्या वर्षी हे सर्व केले. उत्सवापूर्वी कार्यकर्त्यांचे पत्र आले, कडेची खुर्ची राखून ठेवल्याचे त्यात लिहिले होते, आणि दारावर तोच तरुण उभा होता. ती मात्र यजमानांचा हात धरून, पांढरी काठी घेऊन आली. मुलगा गोंधळला, "ताई, कुत्री कोठे आहे? मी पाणी भरून ठेवले आहे," तो म्हणाला. कार्यक्रमपत्रिकेत ढोलताशांचे पथक होते, तेही बंद सभागृहात, म्हणून तिने कुत्रीस घरी ठेवले होते. तिने त्यास ते समजावून सांगितले, आणि दिवाळीत गाण्याची बैठक आहे, तिला दोघी येऊ, असे कबूल केले.