चार चाकांचे बळ आणि वाळूची ओळख

आंग्र्यांच्या आरमाराने इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांना जे जेरीस आणले, ते केवळ तोफांच्या संख्येवर नव्हे. उथळ तळाची त्यांची गलबते वाघोटणच्या खाडीत सहज शिरत. पाठलाग करणाऱ्या अवजड जहाजाला मात्र तळ कोठे लागेल याची धास्ती असे. १७५६ साली विजयदुर्ग पडला त्याची कारणे वेगळी होती, आणि त्यांत पेशव्यांचाही हात होता. तो विषय आज येथे नाही.

आज याच किनाऱ्यावर दुसऱ्या प्रकारची अवजड वाहने येऊ लागली आहेत. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरविणाऱ्या, ज्यांना सर्रास ‘फोर बाय फोर’ म्हटले जाते अशा गाड्या सुट्टीच्या दिवसांत पुळणीवर उतरतात. विजयदुर्गपासून जवळच्याच एका पुळणीवर, पौर्णिमेच्या संध्याकाळी, अशी एक गाडी आसापर्यंत रुतलेली मी पाहिली. चालक जोराने ॲक्सिलरेटर दाबीत होता आणि प्रत्येक वेळी चाके आणखी खाली जात होती. अखेर मच्छीमारांनी होडी ओढण्याचा दोर लावून ती बाहेर काढली.

यात दैवाचा भाग फारच थोडा होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब कोकणातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. पौर्णिमेची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी साधारण सव्वापाचला. सूर्यास्ताच्या सुमारास पुळण रुंद आणि मोहक दिसते ती यामुळेच. आणि त्याच वेळी पाणी परत फिरलेले असते. उधाणाच्या दिवशी तिसऱ्या-चौथ्या तासात ते सर्वांत वेगाने चढते. सहाला रुतलेल्या गाडीपाशी आठच्या सुमारास लाटा आल्या तर नवल कसले?

गाडीच्या सामर्थ्याविषयीही मोठा गैरसमज आहे. चारही चाकांना शक्ती मिळाल्याने गाडी निघते, चढते. परंतु थांबण्याच्या बाबतीत तिला काही अधिक लाभ होत नाही, कारण ब्रेक कोणत्याही मोटारीला चारही चाकांना असतातच. वाळूत उतरण्यापूर्वी चाकांतील तीस-बत्तीस पौंडांची हवा पंधरा-अठरापर्यंत उतरवावी लागते, म्हणजे टायर पसरून वजन विभागले जाते. डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी ती पुन्हा भरावी लागते. खालच्या गिअरमध्ये, एकसारख्या गतीने, एकदम वळण न घेता जावे. चाक जागच्या जागी फिरू लागताच थांबून फावडे घ्यावे. उतारावर सरळ उतरावे, आडवे जाऊ नये. गाड्या उलटतात त्या बहुधा तेथेच. आणि अनोळखी जमीन आधी पायी चालून पाहावी. एकट्या गाडीने तर जाऊच नये.

यांपैकी काहीही वाहन-परवान्याच्या परीक्षेत विचारले जात नाही. महिंद्र कंपनीने इगतपुरीजवळ अशा प्रशिक्षणाची सोय केली होती. पण गाडी विकत घेणाऱ्यांपैकी शिकू इच्छिणारे किती? बळ हप्त्याने मिळते, जाण मात्र त्या किमतीत मिळत नाही. २०२४ च्या जूनमध्ये कच्छमधील मुंद्र्याजवळ चित्रफितीच्या हौसेपायी दोन गाड्या समुद्रात नेल्या गेल्या आणि अडकल्या. पोलिसांनी गुन्हा नोंदविला. पाणी शिरलेले इंजिन चालू करण्याच्या प्रयत्नात होणारे नुकसान साध्या विमा-पॉलिसीत सहसा बसत नाही, हेही पुष्कळांना तेव्हाच कळते.

परंतु मालकाचे नुकसान हा मालकाचा प्रश्न. अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो इतरांवर पडणारा खर्च. तांबळडेगसारख्या पुळणींवर हिवाळ्यात कासवे अंडी घालतात. ती सुमारे दीड-दोन महिने वाळूत असतात आणि चाकाखाली आली तर कोणाला कळतही नाही. गिर्ये-विजयदुर्गचा सडा परक्याला ओसाड भासतो. वस्तुतः तो गुरांचे चरण आहे, पावसाळ्यात त्याच्या बोटभर मातीवर फुले येतात, आणि कोकणच्या अशाच सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या शिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. अशा कातळावर टायर गरगर फिरल्यास काय उरेल?

गोव्याच्या पर्यटन खात्याने २०२२ मध्ये किनाऱ्यावर वाहन चालविण्यास बंदी केली. पुळणीपुरती ती मला योग्य वाटते. सड्यावर मात्र सरसकट बंदीने हौस थांबणार नाही, आडवाटा तेवढ्या वाढतील. सामायिक संपत्ती वापरणाऱ्यांनीच नियम करून ती टिकविल्याची उदाहरणे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातून जमविली आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रामपंचायतीने एखादी पडीक जागा आखून द्यावी, शुल्क घ्यावे आणि गावातला माहीतगार सोबत देऊन त्याला त्याची मजुरी द्यावी. यातून फार पैसा उभा राहील असे नाही. हिशेब कोण ठेवणार, यावरून तंटेही होतील. तरीही आजची व्यवस्था, जीत माहीतगाराच्या माहितीला काहीच मोल नाही, तिच्याहून हे बरे.

त्या संध्याकाळी दोर लावणाऱ्या आठ-दहा जणांना गाडीमालकाने पैसे देऊ केले. त्यांनी ते घेतले नाहीत. “पुढच्या खेपेक इचारून उतरा,” एवढे एकजण म्हणाला आणि दोर गुंडाळू लागला.